आकडा पाचवर

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या पेठेतल्या एका सलूनमध्ये सकाळीच गर्दी आहे. छावणीतले दोन जवान नंबर लावून बसलेत. दुकान चालवणारा नातू ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं पातं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि उरलेलं अर्धं कागदातच गुंडाळून ठेवतो. गिऱ्हाईक उठलं की वापरलेलं पातं डब्यात जातं. हात इतका बसलाय की बोलणं एकदाही थांबत नाही.

मागच्या बाकावर टॉवेल पसरलाय. त्यावर गुरुजी आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा करतायत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून जुनं दाढीचं सामान जमवणं हाच त्यांचा नाद. शेजारी सुभेदारसाहेब बसलेत. समोरच्या स्टुलावर तात्या आहेत, नातवाचे आजोबा. त्यांच्या मांडीवर चामड्याची धोकटी आहे. आत नराणी, चिमटा, पथरी, वाटी सगळं आहे. वस्तरा तेवढा नाही.

गुरुजी आधी निकेलची चपटी पेटी उचलतात. रोल्स रेझर, इम्पीरियल नंबर २, लंडनची. एका झाकणाच्या आत धारेचा दगड, दुसऱ्याच्या आत चामड्याचा पट्टा. मधली दांडी पुढे-मागे ओढली की आतलं पातं पट्ट्यावर घासतं आणि प्रत्येक फेरीला कूस बदलतं. खटक-खटक आवाज होतो. एक जवान मान वळवून बघतो. वर्षानुवर्षं एकच पातं, ब्लेड विकत घ्यायची गरजच नाही, अशी ही युक्ती. पेटी गुरुजींना पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. पण त्यांना आज ती दाखवायची नाही, न घेतलेल्या वस्तूबद्दल बोलायचंय.

"त्याच गोणपाटावर दुसरा एक पडला होता," ते म्हणतात. "साधा पितळी. मुलामा उडालेला, मानेशी हिरवा थर. हँडलवर कुणीतरी ठोकून आकडे काढलेले. शिपायाचा नंबर, सुभेदारसाहेब. मी हा चकचकीत उचलला अन् तो तिथंच ठेवला."

"पुन्हा गेला नाही का?"

"पुढच्याच बाजाराला गेलो. नव्हता. वस्तू गेली त्याचं एवढं नाही हो. तो नंबर तरी लिहून घ्यायचा होता."

छावणीच्या गावात या चुटपुटीला वेगळी धार आहे. रोज सकाळी गुळगुळीत दाढी हा फौजेचा शिरस्ता, त्यामुळे दाढीचं सामान प्रत्येक शिपायाच्या किटमध्ये असायचंच. ब्रिटिश फौजेत १९१६च्या ऑक्टोबरपर्यंत मिशी सक्तीची होती. पण तोवर युद्धात विषारी वायू आला होता, आणि मुखवटा घट्ट बसायचा तर गालावर खुंट चालत नव्हते. अमेरिकेत १९०१ साली सुरू झालेल्या जिलेटकडून तिथल्या सरकारने १९१८मध्ये पस्तीस लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त पाती सैनिकांसाठी मागवली. लाखांनी बनलेल्या अशा वस्तूला एरवी वेगळं मोल कुठून येणार? ते येतं हँडलवर ठोकलेल्या नंबरामुळे. त्या नंबराने ती लाखांतून उचलून एका माणसाच्या हातात दिलेली असते. गुरुजींची हळहळ मला म्हणूनच पटते.

तात्या इतका वेळ गप्प आहेत. आता धोकटीच्या रिकाम्या कप्प्यात बोट घालून म्हणतात, "इथं जर्मन वस्तरा होता. माझ्या आज्याचा. पात्यावर सोलिंगेन लिहिलेलं. पट्ट्यावर चार हात मारले की केस उभा चिरायचा."

"मग?"

"मंग काय, एड्सची भीती आली. गिऱ्हाईक म्हणायचं, नवं पान लावा. तेही खरंच होतं, गुरुजी. आमचे सगळे वस्तरे मोडीत गेले. भंगारवाल्यानं लोखंडाच्या भावात तोलले."

तो वस्तरा आज्याला कुणी दिला, हे तात्यांना ठाऊक नाही. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी जर्मन लोकांना नगरात आणून डांबलं होतं. पुढे तिबेटात पोचलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर १९३९मध्ये याच नगरच्या छावणीत कैदी होता. अशाच कुणाकडून तो वस्तरा आला असावा, असं गुरुजींना फार वाटतं. सोलिंगेनचा माल जगभर विकला जायचा, तेव्हा तो पेठेतल्या दुकानातूनही आला असेल. वस्तरा हातात असता तर एखादी खूण तरी शोधता आली असती.

सुभेदारसाहेबांची गोष्ट विक्रीची आहे आणि ती सांगताना ते कुणाकडेच बघत नाहीत. १९५६ ते १९६७ भारतीय तुकड्या गाझात शांतिसेनेत होत्या. वडील तिथून परतताना जिलेट घेऊन आले. जाड मानेचा, गळ्याशी एक ते नऊ आकड्यांची चकती असलेला. जमवणारे त्याला फॅटबॉय म्हणतात. १९५८ ते १९६१ एवढाच काळ तो बनला. डोक्याखाली अक्षर आणि आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा.

"अक्षर कोणतं होतं?" गुरुजी पुढे सरकतात. "ई असेल तर १९५९."

"कुणी बघितलं, गुरुजी? घराला रंग काढला होता. पुण्याचा एक जण आला, तीनशे रुपये देतो म्हणाला. मी म्हटलं, घेऊन जा, कोण वापरतंय आता." ते अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतच काहीतरी फिरवतात. "वडील चकती पाचवर ठेवायचे. मी लहानपणी ती फिरवून ठेवायचो अन् मार खायचो. विकला तेव्हाही ती पाचवरच होती. त्यांच्या मागं कुणी हलवलीच नव्हती."

"सुभेदारसाहेब, खुर्ची रिकामी झाली बघा," नातू हाक मारतो. ते उठत नाहीत. जवानाला हाताने खूण करतात, तू बस.

हुकलेल्या खरेदीचं दुःख दुसरी वस्तू मिळाली की निवतं, गुरुजींकडे रोल्स आहेच. विकलेल्याचं तसं नाही. उद्या बाजारात दुसरा फॅटबॉय मिळेल, कदाचित जास्त चांगला मिळेल, पण तो वडिलांनी पाचवर ठेवलेला नसेल. जमवणारे भावावरून कितीही बोलोत, या बाकावर आज तीनशे रुपये कमी होते असं कुणीही म्हटलेलं नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास घरोघरच्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वज्र्या. कुणी मोडीत टाकलं असतं असं कितीतरी आज त्यांच्या संग्रहालयात आहे. दाढीच्या सामानाकडे तशा नजरेनं आपण फार कमी पाहिलं. माणूस गेला की त्याचे कपडे, चष्मा आणि दाढीच्या सामानाची डबी सगळ्यांत आधी घराबाहेर जाते.

भिंगारात, नगरात, कुठल्याही छावणीच्या गावात तुमच्या माळ्यावर अशी डबी असेल तर ती आजच खाली काढा. विकायची असेल तर जरूर विका, घराला पैसा लागतो. पण त्याआधी हँडल पुसून त्यावरचे आकडे-अक्षरं वाचा, फोटो काढा, आणि कुणाची, कुठून आणलेली, कोण वापरायचं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून तिच्यात घाला. ही माहिती सांगणारं माणूस घरात अजून असेल, तर आधी त्याला विचारा.