पॅकेज मॅनेजरविना टेलविंडचा इंटेलिसेन्स

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात नोड व एनपीएम बसविण्याची मुभा बहुधा नसते. म्हणून टेलविंड सीएसएस शिकविताच येत नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. डिसेंबर २०२१ मध्ये टेलविंडने नोडविना चालणारी एकच स्वतंत्र फाइल उपलब्ध केली. सीएसएस तयार करण्याचे काम ती करते.

खरी अडचण व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधील 'इंटेलिसेन्स' या एक्स्टेन्शनची. इंटरनेट नसल्यास ते व्हीएसआयएक्स फाइल पेनड्राइव्हवर नेऊन बसविता येते; पण बसवूनही गप्प राहते. कारण प्रकल्प टेलविंडचा असल्याची खूण ते उघडलेल्या फोल्डरमध्ये शोधते. आवृत्ती ३ साठी ही खूण म्हणजे 'टेलविंड.कॉन्फिग.जेएस' (नाव अर्थातच रोमन लिपीत). जानेवारी २०२५ च्या आवृत्ती ४ मध्ये सीएसएस फाइलीत टेलविंड आयात करणारी ओळ लागते. सुटी फाइल न उघडता पूर्ण फोल्डर उघडावे.

उर्दू पाने करणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा विशेष लाभ आहे. 'एमएल-४' हा क्लास मोकळी जागा नेहमी डावीकडेच सोडतो. मार्च २०२३ च्या ३.३ आवृत्तीत आलेला 'एमएस-४' मात्र ओळ जिथून सुरू होते तिथे, म्हणजे उर्दूत उजवीकडे, जागा सोडतो. नावावरून हा भेद लक्षात येणे कठीण. क्लासवर माउस नेला की एक्स्टेन्शन मूळ सीएसएस दाखविते आणि तो उघड दिसतो. मात्र पानाच्या एचटीएमएल टॅगला 'आरटीएल' ही दिशा दिलेली हवी.