आमवातातील आनुवंशिक जोखीम : स्वरूप आणि मर्यादा

शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा रोगजंतूंऐवजी स्वतःच्याच ऊतींवर आघात करू लागते, तेव्हा उद्भवणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिकार रोग असे म्हणतात. आमवात, म्हणजेच रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा त्यांपैकी एक प्रमुख रोग होय. आईला आमवात असल्यास मुलीलाही तो होणारच, अशी समजूत आढळते व विवाहाच्या बोलणीत ती क्वचित अडसरही ठरते. या समजुतीस जनुकशास्त्राचा आधार कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समजुतीत तथ्यांश नक्कीच आहे. पीटर स्टॅस्टनी यांनी १९७८ साली अमेरिकेतील अभ्यासात ७० टक्के रुग्णांत डीआर-४ हा एचएलए प्रकार आढळल्याचे दाखविले. एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने इतर प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून टी-पेशींपुढे मांडतात, आणि आपले कोणते व परके कोणते याचा निवाडा टी-पेशी त्यावरून करतात. जोखमीच्या निरनिराळ्या एचएलए प्रकारांत ७० ते ७४ या स्थानांवरील अमिनो आम्लांचा क्रम जवळजवळ सारखा असतो, हे ग्रेगरसन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निदर्शनास आणले. यास ‘सामायिक एपिटोप’ ही संज्ञा आहे.

परंतु स्टॅस्टनी यांच्याच अभ्यासात २८ टक्के निरोगी व्यक्तींतही डीआर-४ होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही. जुळ्यांचा पुरावा त्याहून बोलका आहे. १९९३ च्या ब्रिटिश अभ्यासानुसार एकबीज जुळ्यांपैकी एकास आमवात असता दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण केवळ १५ टक्क्यांच्या आसपास होते. जनुकसंच तोच, तरीही बहुतेकांत रोग नाही.

मग उरलेला भाग कशाचा? धूम्रपान हे त्याचे सर्वाधिक अभ्यासलेले उत्तर होय. धुरामुळे फुप्फुसातील प्रथिनांमधील आर्जिनिनचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर वाढते, आणि अशी बदललेली प्रथिने टी-पेशींपुढे मांडण्यास सामायिक एपिटोप विशेष अनुकूल ठरतो. स्वीडनमधील क्लारेस्कोग व सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात या एपिटोपच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपींमध्ये सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडयुक्त आमवाताची जोखीम, एपिटोप नसलेल्या अधूम्रपींच्या तुलनेत, सुमारे २१ पट आढळली. महाराष्ट्रातील स्त्रियांत धूम्रपान विरळ. तंबाखू येते ती बहुधा मिश्रीच्या रूपाने. तिला हा निष्कर्ष थेट लावता येत नाही.

जनुकांबाबतही हीच सावधगिरी हवी. २००४ मध्ये पुढे आलेला पीटीपीएन-२२ जनुकातील जोखमीचा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत महत्त्वाचा आहे. पूर्व आशियात तो जवळजवळ नाही आणि भारतीयांतही दुर्मीळच. याउलट पीएडीआय-४ या जनुकाचा संबंध प्रथम २००३ मध्ये जपानी रुग्णांत दिसला.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या कॉपकॉर्ड सर्वेक्षणात आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्का आढळले. निकटच्या रक्तनात्यामुळे जोखीम साधारण तिप्पट होते, हा परदेशी अभ्यासांतील अंदाज येथे लागू धरला, तरी ती १.५ टक्क्याच्या आसपास जाते. म्हणजे आमवात असलेल्या आईच्या मुलींपैकी बहुसंख्य जणींना तो होणार नाही.