माणूस आणि पाणी

घाटकोपरची वस्ती एका अंगाला टेकडी आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसलेली आहे. ओहोटी लागली, की खाडीतल्या तिवरांपलीकडचा चिखल उघडा पडतो आणि त्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पक्षी लांब पायांवर उभे राहून चरू लागतात. मुंबईच्या खाड्यांत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मासळी धरणारा कोळीही पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात सहज यावे, की दोन पायांवर ताठ उभे राहण्याची कला माणसानेही अशाच उथळ पाण्यात आत्मसात केली नसेल कशावरून?

हा केवळ कविकल्पनेचा प्रश्न नाही. सर ॲलिस्टर हार्डी या इंग्रज सागरी जीवशास्त्रज्ञाने ५ मार्च १९६० रोजी ब्रायटन येथे पाणबुड्यांच्या एका मंडळापुढे व्याख्यान देताना तो जाहीरपणे मांडला. त्यापूर्वी १९४२ साली माक्स वेस्टेनहोफर या जर्मन शास्त्रज्ञानेही तसाच विचार बोलून दाखविला होता. पुढे एलेन मॉर्गन या लेखिकेने १९७२ पासून अनेक ग्रंथ लिहून ही उपपत्ती घरोघरी पोहोचविली. ती आजही लोकांना मोहविते. तेव्हा ती काय म्हणते आणि पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार आपण येथे करू.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. दशावतारांतला पहिला अवतार मत्स्याचा, म्हणून आपल्याकडे पुष्कळांना वाटते, की ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊकच होती. जमिनीवरच्या सर्व पृष्ठवंशी प्राण्यांचे मूळ माशांत आहे, हे शास्त्राला मान्यच आहे. पण ती कथा सदतीस कोटी वर्षांमागची. हार्डींचे म्हणणे अगदी वेगळे होते. झाडावरून उतरलेली वानरांची एक शाखा अन्नासाठी किनाऱ्यावर गेली, दीर्घ काळ अर्धीमुर्धी पाण्यात राहिली आणि माणूस होऊन परत जमिनीवर आली, असे ते म्हणत.

यासाठी पुरावा म्हणून त्यांनी आपल्या शरीराकडेच बोट दाखविले. वानरांच्या अंगावर दाट केस, आपले अंग जवळजवळ उघडे; देवमाशाचेही तसेच. आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो, सीललाही असतो. आपण श्वास इच्छेनुसार रोखू शकतो. बुडी मारणाऱ्याला तो रोखावाच लागतो. पाण्यात उभे राहिल्यास शरीराचा भार हलका होतो, म्हणून दोन पायांवर चालणे तेथेच सुरू झाले असावे. चार कुलपे आणि एकच किल्ली! या उपपत्तीचे सारे आकर्षण या एका वाक्यात आहे.

पण कुलपे एकेक करून तपासू लागलो, की किल्ली अडू लागते. केसांचेच पाहा. हत्ती आणि गेंडा जमिनीवर राहूनही जवळजवळ केसविरहित आहेत. उलट पाणमांजर आयुष्य पाण्यात काढते आणि त्याची लव मात्र दाट असते. माणसाच्या उघड्या कातडीला दुसरी जोड आहे, ती घामाची. भर उन्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या प्राण्याला घाम वाळून मिळणारा गारवा जीवदान देतो. पाण्यात बुडलेल्या अंगाला त्या घामाचा काय उपयोग? चरबीसंबंधीही तेच. आपले मूल गुटगुटीत जन्मते. त्याच्या शरीराला विसाव्यात लागणाऱ्या शक्तीपैकी अर्ध्याहून अधिक एकटा मेंदूच खाऊन टाकतो. त्या मेंदूसाठी ही शिदोरी असावी, असे मानण्यास सबळ आधार आहे. श्वासावरचा ताबा बोलण्यासाठी आवश्यकच आहे. आणि तोंड पाण्यात जाताच हृदयाची गती मंदावणे हा गुण तर कुत्र्यासारख्या भूचर प्राण्यांतही आढळतो.

राहता राहिले दोन पायांवरचे चालणे. येथे तर्काऐवजी जमिनीतून निघालेला पुरावा बोलतो. टांझानियात लायटोली येथे मेरी लीकी यांच्या तुकडीला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची असून चाल आपल्यासारखीच दोन पायांची आहे. इथिओपियात सापडलेला ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस दोन पायांवर चालत असे, आणि पायाच्या अंगठ्याने फांदीही पकडत असे. त्याच्यासोबत मिळालेले प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष झाडीच्या प्रदेशाची साक्ष देतात. शिवाय २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार चिंपांझीला चालण्यास जेवढी शक्ती लागते, तिच्या सुमारे चौथ्या हिश्शात माणसाचे काम भागते. दूरवर विखुरलेले अन्न शोधणाऱ्याला ही काटकसर जमिनीवरच फळते.

मग पाण्याचा माणसाशी काहीच संबंध नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. आपल्याच प्रांताचे उदाहरण घ्या. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजातील त्यांच्या सहकाऱ्यांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली ती नाशिकजवळ गोदावरीकाठी आणि नेवाशाला प्रवरेच्या काठी. आपल्या उपनगरांत कांदिवली परिसरातील अश्मयुगीन हत्यारांचे वर्णन टॉड या संशोधकाने १९३९ साली प्रसिद्ध केले, आणि नंतरच्या काळातील बारीक दगडी पात्यांवर १९५० साली लिहिले. केनियात तुर्काना सरोवरापाशी सुमारे साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वी आदिमानवाने मासे, कासव आणि मगरही खाल्ल्याच्या खुणा हाडांवर आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक लाख चौसष्ट हजार वर्षांपूर्वीचा माणूस शिंपल्यांतले मांस खात होता.

तात्पर्य, माणूस पाण्याकाठी राहिला, यात शंका नाही. त्याला प्यायला पाणी हवे होते, काठावर शिकार येत होती, हत्यारांना लागणारे गोटे नदीत मिळत होते. पण काठावर राहणे आणि पाण्यात घडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नदीकाठी हत्यारे अधिक मिळतात, याचे एक कारण असेही, की नदीच्या गाळवाळूचे थर त्यांना पोटात जपून ठेवतात आणि पुढे तीच नदी ते थर कापून उघडे करते.

पाणी माणसाच्या शरीरावर मुळीच परिणाम करीत नाही, असेही नव्हे. आग्नेय आशियातील बाजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून पोट भरतात. त्यांची प्लीहा शेजारच्या लोकांपेक्षा सुमारे दीडपट मोठी असते आणि तिचा संबंध अनुवंशाशी आहे, असे २०१८ साली दिसून आले. पण ही गोष्ट काही हजार वर्षांतली, एका जमातीपुरती आहे. साऱ्या मानवजातीला पाण्याने घडविले असते, तर हा गुण बाजाऊंचेच वैशिष्ट्य का ठरला असता?

सर्वांत बोलका पुरावा आपल्या गावच्या विहिरीवर मिळतो. कुत्र्याचे पिलू पाण्यात पडले, तर न शिकविता हातपाय मारीत काठ गाठते. म्हशीचे रेडकू डोहात कसे पोहावे हे कोणाला विचारीत नाही. उलट गोरिला, चिंपांझी यांना पोहता येत नाही, म्हणूनच प्राणिसंग्रहालयांत त्यांच्याभोवती पाण्याचे खंदक ठेवीत आले. माणूस कोणाच्या पंगतीत बसतो? गोरिलाच्या. तान्हे मूल पाण्यात हातपाय हलविते खरे. पण ती उपजत हालचाल काही महिन्यांत लोपते आणि तिच्या बळावर ते आपले डोके पाण्यावर राखू शकत नाही. म्हणून तर आपल्याकडे पाठीला भोपळा बांधून, काठावर काका-मामा उभे राहून, मुलाला विहिरीत सोडण्याची रीत पडली.

ही गोष्ट केवळ विद्वानांच्या वादाची नव्हे. पाण्यात पडले की पोहता येते, असे आपण म्हणतो आणि जलचर पूर्वजांची कथा त्या समजुतीला शास्त्राचा मुलामा देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. त्यांच्या रक्तात पाण्याची पुरातन आठवण असती, तर ती त्या क्षणी कामी आली असती.

हार्डींचा प्रश्न विचारण्याजोगा होता, आणि तो विचारायला धैर्यही लागले. हा विचार त्यांनी सुमारे तीस वर्षे मनातच ठेवला होता. पण एका किल्लीने सारी कुलपे उघडतात असे कोणी सांगू लागला, तर प्रत्येक कुलूप आपण स्वतः लावून पाहावे, हेच शास्त्राचे शिक्षण. पोहणे माणसाला निसर्गाने दिलेले नाही. ते एका पिढीने दुसरीला हाताला धरून शिकविले आहे. ज्या घाटकोपरच्या एका अंगाला खाडी आहे, त्या घाटकोपरातल्या प्रत्येक मुलामुलीला पोहता येईल, अशी व्यवस्था करणे हे आता आपले काम आहे.