अब्दुल रहमान, इस्माईल, डॅनियल: या नावांमध्ये देवाचं नाव कुठे आहे?

बिबवेवाडीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या नामफलकावर अब्दुल रहमान, इस्माईल, डॅनियल आणि मायकल ही नावं एकाखाली एक दिसू शकतात. या चारही नावांमध्ये देवाचं एकेक नाव दडलेलं आहे. ते कसं, हे कळलं की 'अल्लाह कोण?', 'यहोवा आणि येशू एकच का?' असे सोशल मीडियावर हमखास भांडण पेटवणारे प्रश्न शांतपणे समजून घेता येतात.

'अब्दुल' हे पूर्ण नाव नाही

अरबीत 'अब्द' म्हणजे दास, सेवक. 'अब्दुल' म्हणजे फक्त 'अमक्याचा दास'. तो अमका कोण, हे पुढच्या शब्दात येतं. महाराष्ट्राचे १९८० ते १९८२ या काळातले मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या नावाचा अर्थ होतो 'परम दयाळू देवाचा दास'. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हणजे 'उदार देवाचा दास'. आपल्याकडचं 'रामदास' जसं, तसंच हे.

म्हणून नुसतं 'अब्दुल' म्हणणं म्हणजे वाक्य अर्धवट सोडण्यासारखं आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'अब्दुल' पहिल्या रकान्यात आणि 'रहमान' आडनावाच्या रकान्यात गेलं, की नावाचे दोन तुकडे होतात. सोशल मीडियावर थट्टेने 'अब्दुल' म्हणणाऱ्यांनाही बहुतेकदा हा अर्थ माहीत नसतो.

नव्याण्णव नावं आणि आपली मराठी

इस्लाममध्ये 'अल्लाह' हे देवाचं मुख्य नाव. त्याशिवाय देवाच्या गुणांवरून आलेली नावं आहेत. त्यांना 'अस्मा-उल-हुस्ना', म्हणजे 'सुंदर नावं' म्हणतात. देवाची नव्याण्णव नावं आहेत, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. त्यांच्या प्रचलित यादीतले कितीतरी शब्द मराठी माणूस रोज बोलतो.

'अल्-हक्' म्हणजे सत्य. आपला 'हक्क' तिथलाच. 'अल्-वकील' म्हणजे ज्याच्यावर सगळं सोपवावं तो. आपण कोर्टातलं काम ज्याच्यावर सोपवतो, तो वकील. 'अल्-वारिस' म्हणजे सगळं संपल्यावरही उरणारा. आपला 'वारस' त्याच शब्दातून आला. 'अल्-अव्वल' आणि 'अल्-आखिर' म्हणजे पहिला आणि शेवटचा, मराठीत अव्वल आणि अखेर. 'अज्-जाहिर' म्हणजे प्रकट, मराठीत जाहीर. संत कबीरांचं नावही या यादीत आहे. 'अल्-कबीर' म्हणजे महान.

यातली सगळ्यात जास्त उच्चारली जाणारी नावं दोन: 'रहमान' आणि 'रहीम'. कुराणातल्या ११४ पैकी ११३ अध्यायांच्या आरंभी 'बिस्मिल्लाह' येते आणि तिच्यात ही दोन्ही आहेत. दोन्हींचं मूळ र-ह-म. याच मुळापासून अरबीत गर्भाशयाला 'रहिम' हा शब्द झाला. म्हणजे या दयेच्या शब्दाचं नातं आईच्या उदराशी आहे. 'रहीम' हे विशेषण माणसालाही लावता येतं. 'रहमान' मात्र फक्त देवाचं मानलं जातं. म्हणूनच माणसाचं नाव ठेवताना त्याच्या आधी 'अब्दुल' लावण्याचा आग्रह असतो.

डॅनियल आणि इस्माईल: शेवट एकच

आता ख्रिस्ती नावांकडे वळू. हिब्रू भाषेत देवाला 'एल' किंवा 'एलोहीम' म्हणतात. डॅनियल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश', मायकल म्हणजे 'देवासारखा कोण आहे?' आणि इमॅन्युएल म्हणजे 'देव आमच्याबरोबर'. मुस्लिम घरांमध्ये सर्रास असलेलं 'इस्माईल' हे नावही मुळात हिब्रू आहे. त्याचा अर्थ 'देव ऐकतो'. डॅनियल आणि इस्माईल या दोन नावांच्या शेवटी देवाचं एकच नाव आहे.

हिब्रूतला 'एल', येशू बोलत त्या अरामी भाषेतला 'अलाहा' आणि अरबीतला 'इलाह' हे शब्द एकाच भाषाकुळातले आहेत. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही देवाला 'अल्लाह'च म्हणतात आणि अरबी बायबलमध्येही हाच शब्द आहे.

बायबलमध्ये देवाचं एक खास नाव चार व्यंजनांत लिहिलेलं आहे: य-ह-व-ह. मोशेला जळत्या झुडपातून देवाने स्वतःची ओळख 'मी आहे' अशी करून दिली, ती कथा या नावाशी जोडलेली आहे. यहुदी लोक आदरापोटी हे नाव उच्चारत नाहीत. त्याऐवजी 'अदोनाय' म्हणजे 'प्रभू' म्हणतात. 'यहोवा' हे रूप त्या चार व्यंजनांना 'अदोनाय'चे स्वर जोडून तयार झालं. मूळ उच्चार 'याहवे' असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये या ठिकाणी 'परमेश्वर' हा शब्द येतो. 'हालेलूया'च्या शेवटचा 'या'सुद्धा त्याच नावाचा तुकडा आहे. हालेलूया म्हणजे 'याहची स्तुती करा'.

'येशू' या नावाचा अर्थ 'याहवे तारतो'. 'ख्रिस्त' हे आडनाव नाही, ती पदवी आहे. हिब्रू 'मशीहा' म्हणजे अभिषिक्त, त्याचं हे ग्रीक भाषांतर. कुराणातही येशूला 'ईसा' आणि 'अल्-मसीह' म्हटलं आहे.

मग फरक कुठे आहे?

नावांचं मूळ जवळचं असलं, तरी श्रद्धा एकच आहे असं नाही. ख्रिस्ती माणूस देवाला 'पिता' म्हणतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य देव तो मानतो. इस्लाममध्ये देवाला पिता म्हणत नाहीत. देवाने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही, असं कुराण सांगतं. त्यामुळे मुस्लिमांसाठी येशू हे आदरणीय पैगंबर आहेत, देवाचे पुत्र नाहीत. मतभेद शब्दाचा नाही, देवाच्या स्वरूपाचा आहे.

शब्दावरून मात्र भांडणं झाली आहेत. मलेशियात २००७ मध्ये सरकारने एका कॅथलिक साप्ताहिकाला 'अल्लाह' हा शब्द वापरण्यास मनाई केली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये साप्ताहिकाला अपिलाची परवानगी नाकारली गेली. २०२१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तिथल्या हायकोर्टाने एका ख्रिस्ती महिलेच्या बाजूने निकाल दिला.

मराठीत वेगळंच घडलं. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओव्यांमध्ये येशूची कथा लिहिली. हे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी देवासाठी 'परमेश्वर' आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' असे इथलेच शब्द घेतले. तेव्हापासून आजपर्यंत मराठी चर्चमधल्या प्रार्थनेतही 'देव', 'प्रभू', 'परमेश्वर' हेच शब्द ऐकू येतात.

त्यामुळे 'अल्लाह हा फक्त मुस्लिमांचा शब्द' किंवा 'दोन्ही धर्मांचा देव अगदी सारखाच' अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात: शब्द कोणत्या भाषेतून आला, आणि तो उच्चारणारा माणूस देवाबद्दल काय मानतो. आणि अब्दुल रहमान नावाच्या शेजाऱ्याला हाक मारताना शक्यतो पूर्ण नाव घ्यावं. अर्थ पूर्ण होतो तो तेव्हाच.