आगीआधी मारतो तो धूर

मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा जुना महामार्ग असो, की मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग, बुलढाणा जिल्ह्यात हॉटेलांचे रूप झपाट्याने पालटले आहे. खाटेवर बसून शेवभाजी खाण्याच्या ढाब्याशेजारी आता काचेच्या दर्शनी भागाचे एसी फॅमिली रेस्टॉरंट उभे राहते. शेगावला दर्शनाला आणि लोणारला सरोवर पाहायला येणारा प्रवासी ‘हॉटेल दिसतं कसं?’ हे आधी पाहतो. म्हणून मालक छताला फॉल्स सिलिंग करतो, भिंतींना पीव्हीसी पॅनेल ठोकतो, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या गवताचा सेल्फी पॉइंट करतो. परमिट रूममध्ये गाण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला फोम चिकटवला जातो.

या सजावटीचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. हॉटेलात आग लागली तर आतल्या माणसाला श्वास किती मिनिटे घेता येईल, हे बऱ्याच अंशी छताला आणि भिंतीला काय लावले आहे त्यावर ठरते.

भाजून नव्हे, गुदमरून

२९ डिसेंबर २०१७. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरात गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांत मध्यरात्रीनंतर आग लागली. वाढदिवस आणि वर्षअखेरीच्या पार्ट्यांची गर्दी होती. १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बहुतेक जण भाजून गेले नाहीत. धुरापासून वाचण्यासाठी ते स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले.

डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबमध्ये हेच घडले. तिथे २५ जण दगावले. मृतांमध्ये बहुसंख्य तिथे काम करणारे होते, तळघरातल्या स्वयंपाकघराकडे अडकलेले.

जगातही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि १०० जण मेले. फोम पेटल्यापासून साधारण दीड मिनिटात आत उभे राहणे अशक्य झाले, असे तपासात निष्पन्न झाले. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात अशाच फोममुळे २४२ जणांचा जीव गेला. तिथेही बाहेरचा दरवाजा समजून अनेक जण स्वच्छतागृहात शिरले होते.

दीड मिनिट म्हणजे बिल मागवून ते टेबलावर येईपर्यंतचा वेळसुद्धा नाही.

धुरात असते काय?

लाकूड, कापड, प्लॅस्टिक असे काहीही अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे छाती वर-खाली होत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग काही सुचेनासे होते, पाय साथ देत नाहीत. दरवाजा दहा पावलांवर असूनही माणूस तिथवर जाऊ शकत नाही.

दुसरा वायू हायड्रोजन सायनाइड. सोफ्याच्या गादीतला आणि भिंतीवरचा पॉलियुरेथेन फोम जळताना तो बाहेर पडतो. हा वायू पेशींना मिळालेला प्राणवायू वापरूच देत नाही. दोन्ही वायू एकत्र आले की शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही. तिसरा त्रास पीव्हीसीचा. पॅनेल किंवा वायरीवरचे पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो डोळ्यांच्या आणि श्वासनलिकेच्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतो. डोळे उघडत नाहीत, घसा आवळतो, रस्ता दिसत नाही.

धूर गरम असल्याने आधी छताला साठतो आणि मग खाली उतरू लागतो. फॉल्स सिलिंगच्या वरच्या पोकळीत वायरीचा जोड तापून पेटला, तर खाली बसलेल्यांना बराच वेळ पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तेव्हा छत पेटलेले असते.

सुताराला विचारायचे प्रश्न

आग लागण्याची कारणे हॉटेलात भरपूर आहेत : भटारखान्यातली शेगडी, तंदूर, एसीचा वाढीव भार, घाईघाईने मारलेला वायरीचा जोड. पण लागलेली आग वखारीसारखी भडकेल की जागच्या जागी राहील, हे सजावटीचे सामान ठरवते.

आपल्याकडे ‘भारीतला मरीन प्लाय लावलाय, ७१० नंबरचा’ असे अभिमानाने सांगितले जाते. हा आयएस ७१० प्लाय पाण्याला टिकतो, आगीला नाही. आग रोखणाऱ्या प्लायसाठी वेगळे भारतीय मानक आहे, आयएस ५५०९. हा आकडा पाटीवर छापलेला असतो, तो मालकाने स्वतः पाहावा. छताला पीव्हीसी किंवा थर्माकोलपेक्षा जिप्सम बोर्ड बरा. जिप्समच्या रचनेतच वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. आगीत आधी त्या पाण्याची वाफ होते आणि तेवढा वेळ पलीकडची बाजू तापत नाही. थर्माकोल मात्र वितळून पेटते थेंब खाली गाळतो. वायरी एफआरएलएस म्हणजे कमी धूर सोडणाऱ्या, किंवा त्याहून चांगल्या हॅलोजनविरहित घ्याव्यात. पडद्यांना आगरोधक द्रावण मारले असेल, तर त्यातली काही द्रावणे धुण्यात निघून जातात, हेही लक्षात ठेवावे.

प्लॅस्टिकचे गवत, वेली आणि फुले दिव्यांच्या आणि वायरींच्या जवळ नकोत. भटारखान्याच्या दाराजवळ तर नकोतच. गॅस सिलिंडर तळघरात ठेवू नयेत. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साठून राहतो. हॉल पूर्ण बंद करून आत कोळशाची सिगडी पेटवणे तर आग न लागताही जीवघेणे ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइड तिथेही तयार होतो.

दरवाजा

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दरवाजाच्या अंगावर पडल्याने बाहेर पडण्याची मुख्य वाटच बंद झाली होती. खिडकीची काच फोडू शकलेले मोजके जण वाचले. एकच दरवाजा असणे म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको.

हॉटेलातही तसेच आहे. मागचा दरवाजा असतो, पण त्यासमोर शीतपेयांचे क्रेट, तेलाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. किंवा त्याला कुलूप असते, किल्ली गल्ल्यात आणि मालक घरी. काही ठिकाणी ‘दिसायला बरं नाही’ म्हणून त्यावर पॅनेल मारलेले असते. बाहेर पडण्याचा दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडणारा असावा, कारण गर्दी रेटत आली की आत उघडणारे दार उघडत नाही.

सगळ्यात मोठा धोका पत्करतात ती तिथे काम करणारी मुले. बाहेरगावाहून आलेले आचारी आणि वेटर अनेक ठिकाणी रात्री हॉलमध्येच झोपतात. शटर बाहेरून खाली ओढलेले असते. झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल, यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि तो झोपेतच बेशुद्ध करतो. छताला धुराची सूचना देणारा गजर आणि आतून उघडणारे दार, हे त्या मुलांचे हक्काचे संरक्षण आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणे आणि चालू ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

धुरात सापडल्यास

हॉटेलात बसल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे, हे एकदा पाहून ठेवावे. धूर दिसला की पर्स, चपला, मोबाइल शोधत बसू नये. खाली वाकून, गरज पडल्यास रांगत बाहेर पडावे, कारण जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात बरी असते. स्वच्छतागृहात लपू नये. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर कळवावे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

धुरातून बाहेर आलेला माणूस बोलतो-चालतो आहे म्हणून त्याला घरी नेऊ नये. इथे एक चूक नेहमी होते. बोटाला लावायच्या मशीनवर, म्हणजे कोविडपासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर, ९८ आकडा दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. हे मशीन कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. आकडा चांगला दिसतो आणि माणूस मात्र आतून गुदमरत असतो.

डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा, बसलेला आवाज, नाकात किंवा थुंकीत काजळी यांपैकी काहीही दिसले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. उपचार साधा, पण वेळेवर हवा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला साध्या हवेत चार ते पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास एक ते दीड तास. सायनाइडवरही उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. श्वासनलिकेला आतून सूज येत असेल, तर नळी टाकण्याची वेळ काही तासांतही येऊ शकते. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना त्रास कमी वाटला तरी दाखवून घ्यावे.

नव्या हॉटेलाचे इंटीरियर ठरवताना रंग, दिवे, खुर्च्या यांवर आठवडे जातात. त्यातच अर्धा तास काढून मालकाने सुताराला आणि वायरमनला एवढेच विचारावे : हे पेटले तर किती वेळात पेटेल, आणि आतली माणसे कुठून बाहेर पडतील? उत्तर पटले नाही, तर ते पॅनेल परत पाठवावे.