धानोऱ्याच्या तारेला झेपेल असा चार्जर

परदेशातून चार्जर मागवायचा म्हटलं की लोक आधी कॅटलॉग उघडतात. मी आधी मल्टीमीटर आणि टाँग टेस्टर घेऊन डीपीपाशी जातो. गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावर धानोऱ्याच्या एका व्यापाऱ्याला स्वतःच्या जागेत विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची होती. त्यांनी शेन्झेनच्या एका पुरवठादाराचं दरपत्रक आणून ठेवलं होतं: साठ किलोवॅट, दोन गन, रंगीत पडदा. किंमत खरोखर मोहात पाडणारी. प्रश्न एवढाच होता, की त्यांच्या कोपऱ्यावरची डीपी ६३ केव्हीएची होती.

गणित साधं आहे. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजवर सुमारे ८८ अँपिअर मिळतात. साठ किलोवॅटचा चार्जर पूर्ण भारावर स्वतःच नव्वदीच्या आसपास जातो. म्हणजे एक गाडी लागली की पिठाची गिरणी बंद, दुकानांचे पंखे बंद, आणि शिव्या चार्जरच्या मालकाला. तीस किलोवॅटवर या, असं मी त्यांना सांगितलं. चाळीसेक किलोवॅट-तास बॅटरीची गाडी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायला त्यावर साधारण तास लागतो. नागपूरहून गडचिरोली ओलांडून इथवर आलेला माणूस तेवढा वेळ जेवायला थांबतोच. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८मध्येच स्पष्ट केलं आहे. महावितरणकडे मात्र वेगळ्या जोडणीचा अर्ज करावा लागतो, आणि तो माल मागवायच्या आधी करावा. चार्जर पेटीत पडून आहे आणि मीटर नाही, ही अवस्था फार महागात पडते.

मग व्होल्टेज. धानोऱ्याची अकरा केव्हीची लाइन जंगलातून येते. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली की लाइन गेली, हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण लाइन असते तेव्हाही ती सरळ नसते. संध्याकाळी घराघरांत दिवे-पंखे लागतात, उन्हाळी धानाचे पंप चालू असतात, आणि फेज-न्यूट्रलमधला आकडा १९०पर्यंत उतरतो. मध्यरात्रीनंतर तोच २५०च्या वर. तिन्ही फेज सारखे तर क्वचितच सापडतात. हे सगळं मी कागदावर, वेळ घालून, पुरवठादाराला पाठवलं. तिकडून उत्तर आलं ते तत्परतेचं: आमचं पॉवर मॉड्यूल २६० ते ५३० व्होल्ट घेतं, काळजी नको.

ते खरं होतं, पण अर्धंच. मॉड्यूलचा आकडा फेज-फेजमधला असतो. १९०चा फेज-न्यूट्रल म्हणजे सुमारे ३३० फेज-फेज, तो मॉड्यूलला आरामात चालतो. पण चार्जरच्या कपाटात मॉड्यूल एकटं नसतं. वीज आत घेणारा कॉन्टॅक्टर असतो, त्याची कॉइल २३० व्होल्टची असते, आणि अशा कॉइलला हमखास ओढून धरायला साधारण ८५ टक्के, म्हणजे १९५च्या आसपास व्होल्ट लागतात. त्याखाली ती घरघरते, पकडते, सोडते. पॉइंटवर ठिणग्या पडतात आणि काही दिवसांत कॉन्टॅक्टर काळा. मॉड्यूल शाबूत, चार्जर बंद.

म्हणून कारखान्यातली चाचणी व्हिडिओवर घेतली तेव्हा मी पूर्ण भाराचा आकडा नंतर मागितला. आधी इनपुट हळूहळू खाली आणायला सांगितलं आणि मोबाइल कपाटाच्या आत, कॉन्टॅक्टरजवळ धरायला सांगितलं. १९५ला आवाज सुरू झाला. तिथल्या अभियंत्यानंही तो ऐकला. तो माणूस प्रामाणिक होता; काही सबबी न देता त्यानं कॉइल बदलून रुंद पल्ल्याची इलेक्ट्रॉनिक कॉइल बसवली आणि दुसऱ्या दिवशी १७०ला चालवून दाखवलं. किमतीत फार फरक पडला नाही. इथे, धानोऱ्यात, पावसाळ्यात, तोच बदल करायचा झाला असता तर काय पडलं असतं ते सांगायला नको.

कनेक्टरचाही एक सापळा आहे. भारतानं सुरुवातीला भारत डीसी-००१ नावाचं मानक आणलं. पंधरा किलोवॅट, कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठी, आणि गन चिनी जीबी/टी पद्धतीची. महिंद्रा ई-व्हेरिटोसारख्या गाड्या त्यावर चालायच्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक विजेच्या मोटारी सीसीएस-२ घेतात. तरीही ‘भारतीय मानकाचा चार्जर’ म्हणून तो जुना प्रकार स्वस्तात देऊ करणारे विक्रेते भेटतात. नाव खरं, माल खरा, उपयोग शून्य. खरेदीपत्रात सीसीएस-२ आणि आयएस १७०१७ हे दोन्ही स्पष्ट लिहावं. नुसत्या सीई खुणेवर भुलू नये, कारण ती बहुतेक वेळा उत्पादकानं स्वतःच दिलेली ग्वाही असते. प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवावा. पुण्याच्या एआरएआयमध्ये अशा चाचण्या होतात. शंका असेल तर पहिला नमुना तिथे दाखवून मगच पुढची मागणी द्यावी.

उष्णता हा चंद्रपूर-गडचिरोलीचा स्वतःचा विषय. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि तो सावलीतला आकडा असतो. माहितीपत्रकात ‘पन्नास अंशांपर्यंत पूर्ण क्षमता’ लिहिलेलं असतं ते कपाटाभोवतीच्या हवेबद्दल. उन्हात उभ्या लोखंडी कपाटाभोवती ती पन्नास केव्हाच ओलांडते, मग यंत्र स्वतःहून क्षमता उतरवतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, चार्जर फसवा आहे. त्यावर परदेशातून काहीच मागवावं लागत नाही. उंच मांडव घाला, पश्चिमेची बाजू झाका, पंख्याची जाळी दर पंधरवड्याला धुवा. केबल आत शिरते ते भोक ग्लँडनं नीट बंद करा, नाहीतर पाल आणि मुंगळे आत जातात.

अर्थिंगकडे मी सगळ्यात जास्त हट्टानं पाहतो. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की खड्ड्याचा रोध चढतो आणि गाडी सरळ चार्जिंग नाकारते. पडद्यावर ‘अर्थ फॉल्ट’ येतो, दोष चार्जरवर जातो. दोन खड्डे स्वतंत्र घ्यायचे, मे महिन्यात मोजायचे, पाणी घालायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करायची. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्शनही याच अर्थिंगच्या भरवशावर उभं असतं.

पैशांच्या बाबतीत परदेशी पुरवठादार साधारण तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के बिल ऑफ लेडिंग दाखवल्यावर मागतात. म्हणजे माल जहाजावर चढला की तुमचे पैसे संपले. न्हावा शेवाला उतरल्यावर खोट निघाली तर हातात काही उरत नाही. इथे मला धानोऱ्याच्या आसपासच्या ग्रामसभा आठवतात. शेजारच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकार आला. त्यानंतर या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. दूरच्या व्यापाऱ्याशी करार कसा करायचा, अनामत किती ठेवायची, हप्ते कधी घ्यायचे, पैसे थकले तर माल कसा अडवायचा, हे त्यांनी काही वेळा ठेच खाऊन शिकून घेतलं आहे. चार्जर घेणाऱ्याला नेमकी हीच हुशारी लागते, फक्त बाजू उलटी. आम्ही सत्तरचे साठ केले आणि दहा टक्के धानोऱ्यात यंत्र चालू झाल्यावर द्यायचे ठरवले. पुरवठादार कुरकुरला आणि कबूल झाला.

माल नागपूरच्या एका आयातदाराच्या सामानाबरोबर आला, कारण एका पेटीसाठी स्वतंत्र आयात क्रमांक आणि कस्टमची धावपळ परवडत नाही. त्यात एक गोष्ट जपावी लागते: हमीपत्र आयातदाराच्या नावावर निघतं. ते धानोऱ्याच्या मालकाच्या नावावर, यंत्राच्या क्रमांकासह, मागून घ्यावं. चार्जर आणि चार्जिंग स्टेशनवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९पासून १८वरून ५ टक्के झाला. वर्गीकरण चुकलं तर हा फायदा जातो, तेव्हा कस्टम एजंटाला यंत्र समजावून सांगायचा आळस करू नये. आणि सरकारी अनुदान हवं असेल तर परदेशी बनावटीचा विचार आधीच सोडावा. तिथे देशी उत्पादनाच्या अटी असतात.

नेटवर्कचंही बोलून ठेवावं लागतं. चार्जरचा सर्व्हर परदेशात आणि सिमकार्डाला रेंज नाही, तर यंत्र उभं राहतं. ओसीपीपी १.६ (चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचं खुलं मानक), सर्व्हरचा पत्ता बदलण्याची मुभा, अॅडमिन पासवर्ड मालकाकडे, आणि रेंज नसताना कार्ड टेकवून चालण्याची सोय या चार गोष्टी मी खरेदीपत्रात घातल्या. पासवर्डावरून सगळ्यात जास्त घासाघीस झाली. त्यावर मी माघार घेतली नाही, घेऊही नये.

यंत्राबरोबर सुट्या भागांची पेटी आली: एक जादा मॉड्यूल, सीसीएस-२ची केबलसह गन, कॉन्टॅक्टर, फ्यूज, पंखे, सर्ज प्रोटेक्टर. ती नागपुरात ठेवावी असं काहींचं म्हणणं होतं. मी ती धानोऱ्यातच ठेवायला लावली, आणि मॉड्यूल ओढून दुसरं सरकवायचं काम गावातल्या वायरमनकडून माझ्यासमोर करून घेतलं. आधी मुख्य स्विच बंद, मग कपॅसिटर उतरेपर्यंत थांबणं, मग मल्टीमीटरनं खात्री, मगच हात. त्यानं ते पहिल्याच दिवशी नीट केलं.

त्याच व्यापाऱ्याला आता स्कूटर आणि ई-ऑटोसाठी आणखी चार्जर हवे आहेत. त्यासाठी मी परदेशी दरपत्रक उघडणारसुद्धा नाही. तालुक्यात खरी गर्दी या हलक्या गाड्यांचीच होणार आहे, त्यांना १६ अँपिअरचा ३.३ किलोवॅटचा पॉइंट पुरतो आणि तो पुण्या-मुंबईत बनतो. हलक्या वाहनांच्या जोडणीचं भारतीय मानकही २०२३मध्ये आलं आहे. मुरूमगावच्या रस्त्यावर असे पाच-सहा पॉइंट, चांगल्या अर्थिंगचे आणि मांडवाखालचे, हेच पुढचं काम आहे, आणि त्याच्या डीपीची मोजणी मी या उन्हाळ्यातच करणार आहे.