जुनी गाडी घेताय? आधी सांधे बघा, रंग नंतर

माझ्या मेहुण्याने मागच्या वर्षी दोन जुन्या गाड्या पाहिल्या. एकीच्या दरवाजावर हातभर लांब ओरखडा आणि डेंट, म्हणून घरच्यांनी नाक मुरडलं. दुसरी एकदम चकाचक, ती घेतली. दोन महिन्यांत पुढचे टायर एका बाजूने घासले, गाडी डावीकडे ओढू लागली. अलाइनमेंट तीनदा केलं, फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या डेंटरने बोनेट उघडलं आणि म्हणाला, "सर, ही पुढून जोरात ठोकलेली आहे."

ओरखड्यावाली खरं तर चांगली होती!

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचे भाग वेल्ड करून बनवलेला सांगाडाच सगळा भार पेलतो. (बोलेरोसारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे खाली वाकून चॅसिस पाहावी लागते.) बोनेट, दरवाजे, पुढचे फेंडर, बंपर हे बोल्टवर बसवलेले असतात. ते नुसते चेपले किंवा बदलले असतील तर सहसा घाबरायचं कारण नाही. पण दरवाजांमधले पिलर, छत, फ्लोअर, बोनेटखालचे एप्रन आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंचे चॅसिसचे पाय म्हणजे गाडीची हाडं. टक्कर झाली की पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून धक्का खातो, म्हणून आत बसलेली बायका-मुलं वाचतात. एकदा चुरगळून ओढून सरळ केलेला पत्रा पुन्हा तसंच काम करेल, याचा भरवसा नाही.

ओळखायचं कसं? दरवाजाचं रबर थोडं ओढून बाजूला करा. कंपनीचे स्पॉट वेल्ड छोट्या गोल खळग्यांसारखे, साधारण सारख्या अंतरावर दिसतात. त्याऐवजी खडबडीत लांब वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या, की समजा काम झालंय. एप्रनवरही हेच बघा, डाव्या-उजव्या बाजूची तुलना करून. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का? दरवाजा जोर न लावता लागतो का? फेंडरच्या बोल्टचा रंग उडाला असेल तर तो खोलला होता एवढंच कळतं. आतलं बघायला मात्र तो चांगला इशारा.

लोहचुंबकाचा उपाय सगळे सांगतात. जाड पुटीवर तो नीट चिकटत नाही, हे खरं. पण पुटी साध्या डेंटवरही भरतात, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तो चिकटणारच नाही. माझ्या मते त्यावर फार विसंबू नका. गाडी दिवसा बघा, इन्शुरन्स क्लेमचे कागद मागा आणि विकणाऱ्याचा नाही, आपला डेंटर सोबत न्या.

मेहुण्याने ती गाडी नंतर विकली, ऐब सांगूनच. पंचेचाळीस हजार कमी आले.